सात नंबरचं मशीन आणि तुमची घंटा

सर, मी तुमच्यावर रागावलेली असताना तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

चार महिने मी मेन रोडवरून जाताना मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालत होते. तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा जिना दिसायला नको म्हणून. पण वर माडीवर बारा मशीनं एकदम वाजायला लागली की आवाज रस्त्यावर येतोच, तो कसा टाळणार? मनात म्हणायचे, वाजू दे. दिवाळी होऊन जाऊ दे, मग जाऊ. सर चष्मा पुसत म्हणतील, "निर्मला, तीन नंबर बघ गं जरा." झालं, मिटलं भांडण. मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आणि आमच्या ऑफिसातल्या गांगुर्डे शिपायानं फायली ठेवता ठेवता सांगितलं, "बाई, ते टायपिंगवाले अकोलकर सर गेले म्हणं. तेरावं पण झालं."

तेरावंसुद्धा झालं! मला कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण आणि का? तुमच्याकडून हात बसवून गेलेली शेकडो पोरं, त्यांतली मी एक. तुमची मी कोण होते, हे तुम्ही असताना कधी विचारलं नाही, आणि आता तेच आठ दिवस डोक्यात घुमतंय. धड बसवत नाही, धड काम होत नाही. गेल्या आठवड्यात साहेबांच्या पत्रात एकच ओळ मी दोनदा टाईप केली. मी! तुम्ही असता तर कागद उजेडात धरून म्हणाला असता, "दोनदा सांगितल्याशिवाय साहेबांना कळत नाही वाटतं."

आठवतं का, अण्णा मला तुमच्याकडे घेऊन आले होते तो दिवस? मी अकरावी मॅट्रिक झाले होते. अण्णा सरकारी कचेरीत शिपाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेबलांपुढे उभे राहिलेले. तुम्ही त्यांना दोनदा बसा म्हणालात, तरी ते उभेच. म्हणाले, "सर, पोरीचा हात बसवून द्या. मला बाकी काय नको. तिला खुर्ची भेटली पायजे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, माझ्या बोटांकडे बघितलंत, आणि सहा नंबरच्या मशीनवर बसवलंत.

तुमचा नियम साधा होता. तासाची बॅच, तास संपला की टेबलावरची पितळी घंटा तुम्ही हाताने वाजवायची, मग उठायचं, जिन्यात ताटकळणाऱ्या पुढच्या बॅचला जागा द्यायची. सगळ्यांचा डोळा दोन नंबरवर आणि पाच नंबरवर, कारण ती मशीनं लोण्यासारखी चालायची. सात नंबर कुणालाच नको असायचं. कागद सरकवणारं त्याचं कॅरेज अडकायचं, अक्षरं एकमेकांत गुंतायची. उशिरा येणाऱ्याच्या नशिबी सात नंबर. एकदा मला उशीर झाला आणि ते माझ्या वाट्याला आलं. चार ओळी झाल्या आणि कॅरेज जे अडलं ते हलेचना. तुम्हाला हाक मारायची सोडून मी डोक्यातली पिन काढली आणि वरचं झाकण उघडून आत डोकावले.

"निर्मला, घंटा झाली."

"हो सर, उठतेच."

"अगं, आत्ता नाही झाली. पंधरा मिनिटं झाली. पुढच्या बॅचच्या पोरीला मी माझ्या टेबलावर बसवलंय."

मी वर बघितलं तर सगळे माझ्याकडे बघून हसत होते. हात शाईने काळे, कपाळावरही एक पट्टा. पण कॅरेज सुटलं होतं सर! एक दोऱ्याचा तुकडा अडकला होता आत, एवढासा. तो मी तुम्हाला दाखवला. काय आनंद झाला होता मला. तीसची स्पीड पहिल्यांदा आली तेव्हा सुद्धा एवढा झाला नव्हता.

तुम्ही दोरा बघितला नाहीत. तुम्ही मला बघत होतात. म्हणालात, "घड्याळाकडे कोण बघतं ते कुणालाही दिसतं. मी इतकी वर्षं काय बघतो सांगू? घंटा कुणाला ऐकू येत नाही. टायपिंग करताना तुला घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधीच ऐकू येते, पर्स मांडीवर असते तुझी. आणि आज बघ."

"त्यानं काय पोट भरतं का सर?"

"मी कुठे म्हटलं भरतं? ध्यानात ठेव एवढंच म्हणतो."

नामपूरच्या भामरेचं उदाहरण तुम्ही तेव्हा पहिल्यांदा सांगितलंत, आणि पुढे मला ते शंभर वेळा ऐकावं लागलं. भामरेची स्पीड काही केल्या वाढेना, पण शेजारी नवीन पोरगं बसलं की त्याला समजावण्यात तो असा गुंगायचा की त्याला घंटाच काय, तुमचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. तुम्ही त्याची फी परत केलीत आणि मास्तरकीच्या कोर्सचा फॉर्म आणून दिलात. आज तो शाळेत शिकवतो आणि खूश आहे. "त्याला काय आवडतं ते मी त्याला विचारलं नव्हतं," तुम्ही म्हणायचात. "माणूस विचारल्यावर खोटं बोलतो. बापाला काय आवडेल ते सांगतो. कान खोटं बोलत नाहीत."

बापाला काय आवडेल ते. तो टोमणा मला होता, कळत होतं मला.

पण सर, माझ्या बापाचं तुम्हाला पुरतं कळलं होतं का? मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा आईनं कॉलनीतल्या विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अण्णा माझ्या ऑफिसात आले. डबा द्यायला आलो म्हणाले. डबा तर मी सकाळीच नेला होता. त्यांना खुर्ची बघायची होती. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून दाबून बघितले, डुगडुगते का, वेताची वीण सैल आहे का. म्हटलं, "अण्णा, बसा की जरा." तर दचकले. म्हणाले, "नाय नाय. तू बस. मला बघू दे." आणि मी बसले, आणि ते उभे राहून बघत राहिले. आता सांगा, अशा खुर्चीवरून कुणी उठावं?

उठले नाही मी. दहा ते साडेपाच बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ, आणि सव्वापाचला माझी पर्स मांडीवर. मग तिथून तडक तुमचा जिना. सहा ते आठ तुमची बिघडलेली मशीनं. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, शिलाई मशीनचं तेल. तुम्ही पैसे देऊ करायचात, मी घ्यायची नाही, कारण पैसे घेतले की ते काम झालं असतं, आणि काम तर मी दिवसभर करून आलेली असायची! तुम्ही हसायचात. मला तेव्हा त्या हसण्याचा राग यायचा.

आणि आपल्या गंगेला, गोदावरीला, पूर आला ते? सराफ बाजारात पाणी शिरलं आणि एका सोसायटीच्या ऑफिसातली सहा मशीनं चिखलात बुडाली. तुमच्याकडे आणली तेव्हा त्यांच्यातून गाळ निथळत होता. लोकांनी सांगितलं, भंगारात घाला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात खोटं बोलले, पोटात दुखतंय म्हणून तीन दिवसांची रजा टाकली. सुटा सुटा केलेला एकेक भाग आपण जुन्या वर्तमानपत्रावर मांडला होता, आठवतं? तुमच्या घरून काकूंनी पोहे आणून ठेवले, ते गार होऊन त्यांचे खडे झाले, तरी आपलं लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी सहाही मशीनं वाजायला लागली तेव्हा काकू म्हणाल्या, "दोघांनाही वेड लागलंय." आरशात बघितलं तर माझे डोळे लाल, केस रॉकेलनं चिकटलेले, आणि तोंडावर हसू. त्या बाईला मी ओळखत नव्हते. ती दहा ते साडेपाच कुठे असते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पडला होता. मी त्याला हाकलून दिलं, एवढंच.

मग चार महिन्यांपूर्वी ते भांडण. मी पेढे घेऊन आले होते. हेड क्लार्कच्या यादीत माझं नाव लागलं होतं, पोस्टिंग कळवणला मिळेल अशी कुणकुण होती. तुम्ही पेढा हातात धरून बसलात, खाल्ला नाहीत. म्हणालात, "म्हणजे आता दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळांवर लक्ष ठेवायचं. आणि संध्याकाळी कळवणला काय करशील? भिंती दुरुस्त करशील?" मग म्हणालात, "निर्मला, मी थकलो. हे इन्स्टिट्यूट तू घे. अर्ध्या नाशिकची मशीनं तुझ्याकडे येतील. दहा-बारा वर्षं तुझे कान ओरडून सांगतायत आणि तू बहिऱ्याचं सोंग घेतेस."

आणि माझं डोकं फिरलं. सगळं आठवतंय मला, शब्द न् शब्द. "सर, जीव कशात रमतो ते बघत बसायला तुम्हाला सवड होती. तुम्ही बँकेतली नोकरी सोडलीत तेव्हा तुमच्यामागे घर होतं, चार भाऊ होते. आमच्याकडे आधी पोटोबा. आमच्या घरात आजवर कुणाला पेन्शन माहीत नव्हतं, अण्णांना पहिल्यांदा मिळालं, आणि मी सरकारी खुर्ची लाथाडून स्क्रू पिळत बसू? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू? उपदेश करायला काय जातं तुमचं!"

तुम्ही पेढा कागदात गुंडाळून ठेवलात. मी जिना उतरले.

अजूनही मला वाटतं, माझं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. रमण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही सर, हे तुम्हाला मान्य करावंच लागलं असतं, मी करून घेतलं असतं, फक्त अजून एक-दोन भांडणं हवी होती. ती तुम्ही होऊ दिली नाहीत. पण शेवटचं वाक्य, "काय जातं तुमचं" हे, ते मी मागे घेते.

कळवणची ऑर्डर आली आहे. सोमवारपर्यंत हजर होते किंवा होत नाही, हे लेखी कळवायचं होतं. गांगुर्डेनं तुमची बातमी दिली त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलावर पडली. पर्समध्ये ती घडी घेऊनच मी काकूंना भेटायला गेले.

काकू शांत होत्या, मीच रडले. त्या म्हणाल्या, महिनाअखेर माडी रिकामी करायची, भद्रकालीतला भंगारवाला सगळी मशीनं उचलायला तयार आहे. मी म्हटलं, "सात नंबर तरी तो कशाला घेतोय, जन्माचं बिघडलेलं." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले.

"अगं, सात नंबर बिघडत कुठं होतं? हे बिघडवायचे."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा ते काय दोरा-बिरा अडकला होता, तो खरा. त्यानंतर दर शनिवारी सगळे गेले की हे बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. हा स्क्रू सैल कर, तो पट्टा हुकातून काढ. मी म्हणायचे, अहो, काय हा पोरखेळ? तर म्हणायचे, सोमवारी निर्मला येईल, तिला काहीतरी नको का?"

सर, तुम्हाला खोटं वाटेल, पहिल्यांदा मला संताप आला. इतकी वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या! सगळ्यांना सांगत फिरले, सात नंबरचा स्वभाव फक्त मलाच कळतो. आणि तो स्वभाव तुमचा होता! चांगली जिरवलीत माझी. काकूंना म्हटलं, मी नाही विश्वास ठेवत. काकू म्हणाल्या, "नको ठेवूस. वर जाऊन बघ. तू भांडून गेलीस, त्या शनिवारीसुद्धा बसले होते. बराच वेळ बसले होते." त्यांनी किल्ली दिली, पण त्या दिवशी वर जायची माझी हिंमत झाली नाही.

घरी अण्णांना सगळं सांगितलं. ऑर्डर, माडी, आणि माझ्या मनात काय चाललंय तेही. अण्णा उसळले. "येडी का काय तू? मी लय ऑफिसं पाह्यली. खुर्ची गेली ना, तिच्याकडं परत कुणी बोलवत नाय. अन् उद्या ती मशीनंच ऱ्हायली नाय तर? आता सगळं विजेवर येणार म्हणत्यात." तीच भीती मला आहे. अजूनही आहे, हे लिहिताना सुद्धा.

पण रविवारी मी किल्ली घेऊन निघाले, तर अण्णा चपला घालून दारात उभे. "मी येतो. बघू तरी कशापायी चाललंय हे."

माडीवर धूळ होती. अण्णा भिंतीलगतच्या बाकावर बसले, गंभीर तोंड करून. मी सात नंबरचं झाकण काढलं. कॅरेज हलेना. आतून पट्टा निघालेला, ही तुमची नेहमीची खोडी. पण त्याच्या खाली स्प्रिंग उलटी बसवलेली, आणि तिसरा एक स्क्रू जागेवरच नव्हता. शोधला, शोधला. रिबनच्या चकतीखाली कागदाची चिमूटभर पुडी सापडली, तिच्यात तो स्क्रू, हरवू नये म्हणून नीट गुंडाळलेला. कुठलं मशीन आपला स्क्रू आपण कागदात बांधून ठेवतं, सर?

चार महिने ती पुडी माझी वाट बघत होती. एवढा अवघड बिघाड तुम्ही आजवर कधी केला नव्हतात. माझ्यावर रागावून केलात की समजूत काढायला, कुणाला विचारू? मी रडत रडत ब्रश उचलला. मग रडायचं कधी थांबलं ते कळलं नाही. स्प्रिंग सुटी केली, उलटवली, ती बोटातून दोनदा उडाली, पट्टा ओढून घेतला, पट्टा पुन्हा सुटला. शेवटी कॅरेज सर्रकन् सरकलं आणि मी "आलं!" म्हणून ओरडले, आणि वळून बघितलं.

अण्णा तुमच्या टेबलापाशी उभे होते. हातात तुमची घंटा.

"किती वाजलं ठावं हाय का तुला?"

"किती?"

"दोन तास झालं. तीनदा वाजवली मी ही. जोरात वाजवली. खालचा पानवाला वर बघाया लागला."

घंटेचं, भामरेचं, कानांचं मी अण्णांना कधीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ती फक्त मला बोलवायला वाजवली होती. त्यांनी ती जागेवर ठेवली आणि मी बसले होते ते स्टूल दोन्ही हातांनी दाबून बघितलं. म्हणाले, "हे डुगडुगतंय. पायाखाली काहीतरी घाल." जिना उतरताना मधेच थांबले. "राजीनामा दे, असं माझ्या तोंडातून येणार नाय पोरी. ते मला जमायचं नाय. पण तुला एवढी हाक मारली अन् तू वळली नाय, असं मी आजवर पाह्यलं नव्हतं."

कळवणला येत नाही, आणि नोकरीही सोडते, असं पत्र मी सोमवारी सकाळी दिलं. सात नंबरवर टाईप केलं, चार ओळी, चूक एकही नाही. काकूंनी माडी ठेवायचं ठरवून भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. परवापासून बॅचेस सुरू करायच्या आहेत, घंटा वाजवायचं काम अण्णांनी आपणहून मागून घेतलंय, आणि मला अजून धड झोप नाही की भूक नाही.

सात नंबर नीट चालतंय, सर. लोण्यासारखं चालतंय. आता येत्या सोमवारी माझ्यासाठी काय मोडून ठेवणार तुम्ही?